आधी बूड, मग पाय

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बस्तीतली बावीस लेकरं एका तलावावर सहलीला गेली होती. सोबत आम्ही तिघी बाया आणि विहारातले दोन तरुण. तिथं बोटिंग होतं. पायडलची मोठी बोट होती, आणि रंगीत प्लास्टिकच्या लांबट, अरुंद नावाही होत्या. एका-दोघांनी बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं दोन्हीकडं पाणी मारायचं. हिला कयाक म्हणतात. बर्फाच्या देशातले लोक शिकारीसाठी वापरत, तिथून ती जगभर गेली आणि आता आपल्याकडच्या तलावांवरही आली. लेकरांना तीच पाहिजे होती.

पाचवीतली एक मुलगी तिच्यात बसली. जाकीट घातलं होतं, बक्कल आम्हीच लावलं होतं. पाण्यात ती छान फिरली, हसली, आमच्याकडं पाहून हात हलवला. घोटाळा झाला तो परत येताना. काठ हातभर राहिला आणि ती उभी राहिली. एक पाय दगडावर टाकला, दुसरा नावेतच होता. नाव मागं सरकली आणि मुलगी मधल्या फटीत गेली. हनुवटी दगडावर आपटली. जाकिटानं तिला वर आणलं म्हणून तीन टाक्यांवर निभावलं.

तिथला माणूस म्हणाला, ‘‘पोट्ट्यायले समज नाही मॅडम.’’ आम्ही विचारलं, ‘‘उतरायचं कसं ते तू तिला सांगितलं होतं का?’’ तो म्हणाला, ‘‘त्याच्यात सांगाचं काय?’’

आम्ही त्याच्यावर चांगल्याच भडकलो. रात्री घरी आल्यावर मात्र वाटलं, आपण तरी कुठं सांगितलं होतं? वीस वर्षं नर्सिंग केलं, टाके घालायला हात लावला, बुडालेल्या लेकरांची छाती दाबली. पण नावेत बसावं कसं आणि उतरावं कसं हे एकाही लेकराला, अगदी आमच्या स्वतःच्या लेकरालाही, कधी शिकवलं नाही. या पानावर आपण डेंग्यूवर लिहिलं, रक्तक्षयावर लिहिलं, सिकलसेलवर कितीदा लिहिलं. पाण्यावर कधीच लिहिलं नाही. म्हणून हा लेख.

कोणी म्हणेल, कयाक ही पैसेवाल्यांची हौस आहे, आपल्या बस्तीला तिचं काय? खरं आहे. पण डोंगा तर आपलाच आहे ना? लाकडाचा असो की पत्र्याचा, तोही असाच लांबट, अरुंद आणि डुलणारा. कयाकमध्ये जी चूक त्या मुलीनं केली, तीच चूक आपल्या बाया डोंग्यातून उतरताना डोक्यावर गाठोडं आणि काखेत लेकरू घेऊन करतात.

आपला यवतमाळ जिल्हा तसा कोरडवाहू म्हणून ओळखला जातो. कापूस, दुष्काळ, आत्महत्या, बातम्या याच्याच. पण नकाशा उघडून पाहा. एका अंगानं वर्धा नदी बाभूळगाव, राळेगाव, मारेगाव, वणीच्या शिवेवरून जाते. दुसऱ्या अंगानं पैनगंगा पुसद-उमरखेडपासून झरी जामणी-वणीपर्यंत सगळी सीमा धरून वाहते आणि वणी तालुक्यात जुगादजवळ वर्धेला मिळते. मधे पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा. धरणं वेगळी. काठावरच्या गावांना शेत नदीपलीकडं, सोयरे नदीपलीकडं, बाजार नदीपलीकडं. पुलानं गेलं तर लांबचा फेरा पडतो. मग ज्याचा डोंगा असेल त्याला हाक मारायची आणि बसायचं. भोई-ढिवर बांधवांच्या हातात वल्हं आहे म्हणून आजवर पुष्कळ निभावलं. त्यांना पाणी कळतं. आपल्याला कळत नाही, आणि त्यांच्या डोंग्यात बसून आपण मधेच उभे राहतो.

१४ सप्टेंबर २०२१ आठवा. याच वर्धा नदीत, अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात झुंज इथं नाव उलटली. दशक्रियेसाठी जमलेलं एकाच गोतातलं कुटुंब होतं. नावेत तेरा जण बसले होते, अकरा गेले. त्यात लहान लेकरंही होती. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. त्या बाया सकाळी सकाळी मिरची तोडायला पलीकडं निघाल्या होत्या. डबा बांधून कामावर निघालेल्या बाया! त्याच्या पाचच दिवस आधी, १८ जानेवारीला, गुजरातेत वडोदऱ्याच्या हरणी तलावावर शाळेची सहल होती. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लेकरं बोटीत कोंबली, सगळ्यांना जाकिटं नव्हती. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या.

या तिन्ही घटनांनंतर मदतीची घोषणा झाली, चौकशीची घोषणा झाली. मेल्यावर चार लाख द्यायला सरकार तयार असतं. जिवंतपणी एक जाकीट द्यायला मात्र कुणाकडं तरतूद नसते. आमच्या मनातला हा राग आहे तो आहे, आम्ही तो झाकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली. त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांच्या आतली लेकरं. आपल्या देशात गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांतच वर्षाला ३५ हजारांच्या वर मृत्यू दिसतात. ज्यांची नोंदच झाली नाही ते वेगळे. हिवतापासाठी आपल्याकडं फवारणी आहे, पोलिओसाठी डोस आहे. बुडण्यासाठी काय आहे? ‘त्याची तेवढीच होती’ हे वाक्य आहे. बुद्धाला मानणाऱ्या घरात हे वाक्य यायला नको. कारण असतं म्हणून घटना घडते. कारण काढलं की घटना टळते. आपण हेच शिकलो ना?

आता एक जुनी गोष्ट सांगतो, ती या विषयाशी जोडलेली आहे. खेड्यातली पोरं पोहायला कुठं शिकतात? विहिरीत. पाठीला सुका भोपळा किंवा डबा बांधायचा, कमरेला दोरी, आणि काका-मामा वरून ढकलून देतो. चार दिवसांत पोरगं पोहतं. पण ती विहीर कुणाची होती? आपल्या आज्या-आजोबांना तिच्या पायरीवर उभं राहायची सोय नव्हती. प्यायचं पाणीसुद्धा वरून ओंजळीत पडायचं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्यात उतरून पाणी घेतलं ते उगाच नाही. ज्यांना पाण्याला शिवू दिलं नाही, त्यांची लेकरं पोहायला कुठून शिकणार? बाप शिकला नाही म्हणून लेक शिकला नाही. मुलींची तर गोष्टच सोडा. आज विहिरीवर कोणी अडवत नाही, पण घरात शिकवणारा माणूसच नाही. आमच्या वॉर्डातल्या पासष्ट घरांत आम्ही विचारत फिरलो. पोहता येणाऱ्या बाया किती? एक. ती माहेरी नदीकाठची.

यावर आया काय म्हणतात ते आम्हाला पाठ आहे. ‘‘पाण्याकडं जाऊच द्यायचं नाही, म्हणजे झालं.’’ एका आज्जीनं तर आम्हाला तोंडावर सांगितलं, ‘‘बाई, तुमी नावेत बसाचं शिकवान, अन् उद्या पोट्टे पळतीन नदीवर. त्यायले काऊन नाद लावता?’’ तिची भीती आम्ही खोटी म्हणत नाही. पण पोट्टे आजही पळतातच. सांगून जात नाहीत एवढंच. म्हशी धुवायला जातात, मासे धरायला जातात, गणपती-देवीच्या विसर्जनाच्या मागं जातात, आणि हल्ली फोटो काढायला जातात. लपून गेलेल्या पोराला पाण्याची भीती असते पण अक्कल नसते. आम्हाला वाटतं, भीती थोडी कमी असली तरी चालेल, अक्कल पाहिजे. बांगलादेशात गावातल्या तळ्यातच बांबूचा मचाण बांधून चार वर्षांवरच्या लेकरांना पोहणं आणि पाण्यातली शिस्त शिकवली गेली. शिकलेल्या लेकरांचं बुडणं फार मोठ्या प्रमाणात घटलं. तेही गरीबच लोक आहेत. त्यांच्याकडं कुठं टाइल्सचे तलाव होते?

पोहणं शिकवायला पाणी लागतं, शिकवणारा लागतो, महिने लागतात. ते आपण करूच. पण नावेत बसणं-उतरणं शिकवायला पाणीसुद्धा लागत नाही. म्हणून सुरुवात इथून करा.

आधी कारण समजून घ्या. अरुंद नाव उलटते ती वजन वर गेल्यामुळं. भरलेला गुंड जमिनीवर ठेवला तर हलत नाही. तोच डोक्यावर घेतला की जरा तोल गेला तरी सांडतो. नावेत तुम्ही बसलेले असता तेव्हा वजन खाली असतं. उभे राहिलात की ते कमरेपर्यंत वर येतं, आणि खालचा तळ तर हातभर रुंद. दुसरं, नाव ही जमीन नव्हे. पुढचा पाय काठावर टाकताना मागचा पाय नकळत नावेला मागं लोटतो. जेवढ्या जोरात उडी, तेवढी नाव मागं. आमच्या त्या मुलीचं हेच झालं. यात पोराची मस्ती नाही, हा पदार्थविज्ञानाचा धडा आहे. शाळेत तो फळ्यावर शिकवतात आणि काठावर कुणाला आठवत नाही.

आम्ही विहाराच्या अंगणात रविवारच्या धम्मवर्गानंतर हे असं शिकवतो. एक जुनी बाज घेतली. तिच्या पायांना दोऱ्या बांधून ती दोन ट्रॅक्टरच्या ट्यूबांवर ठेवली. बाज डुलायला लागली, म्हणजे झाली नाव. फरशीवर खडूनं नदीचा काठ आखला. दोन मोठी माणसं बाज दोन बाजूंनी धरून बसतात. लेकरं रांगेत.

पहिला नियम हसवणारा आहे, म्हणून लक्षात राहतो: आधी बूड, मग पाय. नाव काठाला समांतर, आडवी लावलेली पाहिजे, टोकानं नाही. काठावरच्या कुणीतरी ती घट्ट धरलेली पाहिजे. गुडघ्याच्या खाली पाणी असलेल्या ठिकाणी लेकरू नावेच्या शेजारी उभं राहतं, पाठ नावेकडं करतं, दोन्ही हात मागं नेऊन नावेच्या कडा पकडतं आणि मधोमध बूड टेकवतं. मग एकेक पाय आत. उतरताना उलट: आधी पाय, मग बूड. नाव थांबली, मोठ्या माणसानं धरली आणि ‘उतर’ म्हटलं, की दोन्ही पाय बाहेर पाण्यात, पाय तळाला टेकले याची खात्री, मग पुढं वाकून उठायचं. पोरं ‘बूड’ शब्दाला पोट धरून हसतात. हसू द्या. आम्ही त्यांना म्हणतो, नावेत बूड टेकलं की नदीत बुडायचं टळतं.

काठ उंच असला तर हा क्रम जमत नाही. तेव्हा काठावर बसायचं, पाय नावेच्या मधोमध सोडायचे, एक हात काठावर आणि एक नावेवर ठेवून सरकत खाली बसायचं. बसूनच सरकायचं. आमच्या नियमाचा खरा अर्थ एवढाच की उभं राहायचं नाही. डोंग्याच्या कडा उंच असतात, तिथं आत पाय टाकावाच लागतो. मग तो मधोमध टाकायचा, कडेवर नाही, वाकलेलंच राहायचं आणि लगेच बसायचं. एकाच वेळी एकानंच. दुसऱ्यानं पहिला बसून स्थिर होईपर्यंत थांबायचं. आमच्या बाजेवर सगळ्यांत जास्त पोरं इथंच नापास होतात. रांगेत थांबणं हा आपल्या देशाचाच कच्चा विषय आहे.

पुराच्या वेळी बचावपथकाची रबरी बोट येते, तिच्यातही असंच: फुगलेल्या कडेवर बसायचं आणि पाय आत फिरवायचे. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुरानं वेढलं होतं, चाळीसवर माणसं अडकली होती, बचावपथकानं त्यांना बाहेर काढलं. अशा वेळी म्हातारी माणसं, गरोदर बाया, घाबरलेली लेकरं आयुष्यात पहिल्यांदा बोटीत बसतात. आजवर एकदाही बाजेवर सराव केला नसेल तर पुराच्या धारेत काय आठवणार?

कयाकबद्दल एक वेगळी गोष्ट. तिचे दोन प्रकार दिसतात. एक वरून सपाट, उघडी, जिच्यावर बसतात. दुसरी बंद, जिच्या भोकात पाय घालून बसतात. आपल्या लेकरांना फक्त उघडीतच बसू द्या. बंद नाव उलटली तर डोकं खाली असताना पाय सोडवून बाहेर यावं लागतं, आणि ते शिकल्याशिवाय जमत नाही. सहलीच्या ठिकाणी कोणी ‘काही होत नाही’ म्हणालं तर तिथून लेकरं परत घेऊन या. पैसे गेले तर गेले.

जाकिटाचं. जाकीट नावेत बसल्यावर घालायचं नसतं, पाण्याजवळ जाण्याआधी घालायचं असतं. सगळी बक्कलं लावा, पायामधला पट्टा असेल तर तोही. मग दोन्ही खांद्यांना धरून जाकीट वर ओढा. लेकराचं तोंड आत गेलं, कान झाकले गेले, तर ते जाकीट त्याच्या मापाचं नाही. पाण्यात ते वर येईल आणि लेकरू खाली राहील. मोठ्या माणसाचं जाकीट लेकराला घालणं म्हणजे बापाची चप्पल घालून धावायला लावणं. फाटलेलं, फोम निघालेलं जाकीट घेऊ नका. जाकीट नसेल तर? नसेल तर खरं म्हणजे बसूच नये. पण मजुरीला जाणाऱ्या बाईला आम्ही हे कोणत्या तोंडानं सांगावं? त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तिच्यासाठी एवढं तरी: पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा, झाकण घट्ट लावलेला, प्रत्येकाच्या हातात एकेक. तो जाकिटाची जागा घेत नाही, पण रिकाम्या हातापेक्षा बरा. त्याची दोरी हाताला बांधू नका, हातात धरा.

मायबहिणींनो, आणखी एक. तान्हं लेकरू पदरानं किंवा ओढणीनं पोटाला-पाठीला बांधून डोंग्यात बसू नका. नाव उलटली तर गाठ सुटत नाही, दोघंही अडकतात. लेकराला दोन्ही मांड्यांमधे खाली बसवा, हातानं धरा. पदर आणि ओढणी कमरेला खोचा. लुगड्याचा घोळ पायात येत असेल तर आधीच वर घ्या. नदीवर कोण काय म्हणेल याची लाज धरू नका. गमबूट काढून ठेवा, त्यात पाणी भरतं. गाठोडी नावेच्या मधे, खाली. आणि नावाड्याच्या तोंडाला दारूचा वास आला तर बसू नका, मग तो नात्यातला का असेना. पाचवं शील डोंग्यात बसतानाही लागू आहे.

नाव उलटलीच तर? पोहत काठाकडं निघू नका, नावेला धरा. लाकडी डोंगा उलटला तरी बहुतेक वेळा तरंगतो. काठ दिसतो जवळ, पण असतो लांब. दोन जण असाल तर एकमेकांच्या गळ्याला पडू नका. आणि काठावर जो उभा आहे त्यानं उडी मारू नये, पोहता येत असलं तरी. बुडणारा माणूस शुद्धीत नसल्यासारखा मिठी मारतो आणि एकाचे दोन जातात. बांबू द्या, दोर फेका, लुगडं फेका, रिकामा डबा फेका, आणि आडवं पडून ओढा. लेकरांना तर हे पुन्हा पुन्हा सांगा: मित्र बुडत असेल तर ओरडायचं, धावायचं, फेकायचं, पण पाण्यात जायचं नाही. बुडणारं लेकरू सिनेमातल्यासारखं हात वर करून ‘वाचवा’ म्हणत नाही. तोंड पाण्याबरोबर असतं, श्वासच नाही तर आवाज कुठून? ते गप्पच खाली जातं.

इथं आम्हाला एक रात्र आठवते. जीएनएम करून आम्ही एका ग्रामीण रुग्णालयात नवीनच लागलो होतो. आठ-नऊ वर्षांचा मुलगा आणला. नदीतून त्याला वेळेत काढलं होतं. पण काढल्यावर काय केलं? पायाला धरून उलटा टांगला, गरगर फिरवला, पोट दाबलं, मग कुणीतरी सांगितलं म्हणून मिठात झाकून ठेवला. आमच्याकडं आला तेव्हा अंगाला मीठच मीठ होतं. त्याची माय म्हणाली, ‘‘सिस्टर, आमी सगळं केलं वो.’’ खरंच, त्यांना जे माहीत होतं ते सगळं त्यांनी केलं होतं. डॉक्टर त्या रात्री मुख्यालयी नव्हते, ही आमची तक्रार आहेच. पण डॉक्टर असते तरी वेळ गेली होती. त्या मुलाला नदीकाठीच पाहिजे होता तो श्वास.

म्हणून हे नीट वाचा, वाचून दाखवा. पाण्यातून काढलेल्या माणसाला सपाट जागी उताणं निजवा. हाक मारा, खांदा हलवा. श्वास घेत नसेल तर एकानं १०८ ला फोन करा आणि दुसऱ्यानं लगेच सुरू करा. कपाळ मागं, हनुवटी वर, नाक दाबून तोंडावर तोंड ठेवून श्वास द्या, छाती वर येताना दिसली पाहिजे. बुडालेल्याला आधी श्वास पाहिजे, सुरुवातीचे पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध, हाडावर, तळहातानं ३० वेळा दाबा, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या वेगानं. लहान लेकराची छाती एक तृतीयांश खोल दबली पाहिजे, त्याला एका हातानं दाबा. मग दोन श्वास. पुन्हा ३०, पुन्हा दोन. गाडी येईपर्यंत थांबू नका. पोटातलं पाणी काढायच्या नादी लागू नका. पोट दाबलं की उलटी होऊन तीच फुप्फुसात जाते. स्वतःहून उलटी झाली तर कुशीवर वळवा, तोंड साफ करा, परत सुरू. मूल शुद्धीवर आलं, बोललं, तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसाचा त्रास काही तासांनी उठू शकतो.

आपल्या समाजात सिकलसेलची लेकरं पुष्कळ आहेत, त्यांच्या आयांसाठी वेगळं सांगतो. थंड पाण्यात फार वेळ राहणं, ओल्या कपड्यांत बसणं, दमणं आणि पाणी न पिणं, या सगळ्यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. अशा लेकराला बाजेवरचा सराव सगळ्यांसारखाच शिकवा. नावेतही बसवा, वाळीत टाकू नका. पण ऊन पडल्यावर बसवा, थोडाच वेळ बसवा, पाणी पाजत राहा, आणि भिजलं तर लगेच कोरडं करून गरम कपडा द्या. सहलीच्या बाईंना लाल-पिवळं कार्ड आधी दाखवा. फिट येणाऱ्या लेकराजवळ पाण्यात एक मोठं माणूस फक्त त्याच्यासाठी पाहिजे.

आता ग्रामपंचायतीकडं वळू. सगळं आपणच करायचं आणि सरकारनं पाहत बसायचं, असं आमचं म्हणणं नाही. जिथं माणसं रोज नदी ओलांडतात तिथं पूल हीच मागणी, ती सोडायची नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याचे मृत्यू रोखायचा आराखडा काढला. तो दिल्लीतून आपल्या उपकेंद्रापर्यंत अजून चालतच येतो आहे. पण ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी आणि १० टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात, हे कायद्यातच आहे. त्यातून दरवर्षी काय येतं? सतरंज्या, खुर्च्या, भांडी. एखाद्या वर्षी दहा जाकिटं, त्यात सहा लेकरांच्या मापाची, आणि दोन लांब दोर मागा. ग्रामसभेत उभं राहून मागा आणि ठरावात लिहून घ्या. जाकिटं सरपंचाच्या घरी कुलपात नकोत, घाटावर डोंगेवाल्याजवळ पाहिजेत. हे आम्ही अनुभवावरून सांगतो.

मुलांनी पाण्याला घाबरून बसावं असं आम्हाला मुळीच वाटत नाही. नाशिक जिल्ह्यातला दत्तू भोकनळ दगड फोडणाऱ्या बापाचा मुलगा. दुष्काळी गावातला, विहिरी खोदायच्या कामावर राबलेला. सैन्यात जाईपर्यंत त्यानं नाव चालवली नव्हती, पाण्याची भीतीच होती. तोच २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात तेरावा आला आणि २०१८ ला आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या संघात होता. आमच्या बस्तीतून कोणी तिथवर जाईल की नाही ते राहू द्या. पण ज्या मुलीच्या हनुवटीला टाके पडले, तिच्या आईनं तिला बाजेवरच्या सरावाला पाठवायला महिनाभर नकार दिला होता. पाचव्या रविवारी ती स्वतः घेऊन आली. पोरीनं बूड टेकवलं, पाय आत घेतले, मग उतरून दाखवलं, आणि आईला म्हणाली, ‘‘आता तू बस.’’ आई पदर खोचून बसली. बाज इतकी डुलली की दोघी तरुणांनी धरलेली असूनही ओरडल्या.

वर्षावास सुरू आहे. भंतेजी पावसाळाभर एका जागी राहतात. आपल्या मजुरांना ती सोय नाही, निंदणाला पलीकडं जावंच लागतं. म्हणून पावसाळाभर विहारात बाजेवरच सराव चालेल. पोळा होऊन गेला आणि पाणी उतरलं की काठावरच्या एका भोई दादांनी त्यांचा डोंगा एक सकाळ द्यायचं कबूल केलं आहे. गुडघाभर पाण्यात, डोंगा खुंट्याला बांधलेला, एका वेळी एक लेकरू. आपल्या गावात कोणाला हे सुरू करायचं असेल तर दोन ट्यूबा, एक बाज आणि धरायला दोन माणसं जमवा. ट्यूब पंक्चरवाल्याकडं जुनी मिळते. हवा भरताना तिचा तोंडाचा पितळी वॉल्व्ह खालच्या बाजूला करा, नाहीतर लेकरांच्या पायाला लागतो.